फॉरेन्सिक टॉक्सिकॉलॉजीत एमएस्सी: नाशिककरांनो, रस्ता सांगा

मुक्ता_मखमलाबाद

नमस्कार मंडळी. केमिस्ट्री घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेज नाशिकातलंच. पुढे फॉरेन्सिक टॉक्सिकॉलॉजी करायचं मनात आहे. टीव्हीवरच्या मालिका बघून हे खूळ शिरलंय का, असं घरी विचारून झालेलं आहे. थोडंफार तसंही असेल. पण अ‍ॅनालिटिकलचं प्रॅक्टिकल मला मनापासून आवडतं, आणि विष शरीरात जाऊन नेमकं काय करतं हे वाचायला लागले की जेवायची हाक ऐकू येत नाही.

घोळ असा आहे की कुणी म्हणतं गुजरातला जा, कुणी म्हणतं मुंबईला फॉरेन्सिक सायन्स कर, कुणी म्हणतं साधी केमिस्ट्रीच कर. एका मैत्रिणीच्या मते हे फक्त डॉक्टरांनाच करता येतं. बाबांचा आग्रह बीएड कर, नाहीतर सातपूरला कारखान्यात क्यूसीत (मालाच्या तपासणीत) चिकट, असा. दिंडोरी रोडला सरकारी फॉरेन्सिक लॅब आहे, तिथे कोण लागतं, कसं लागतं? जाणकारांनी जरा उजेड पाडावा.

गांधीनगर_रिटर्न

मी एनएफएसयूला होतो, म्हणजे नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी, गांधीनगर. (नाशिक-पुणे रोडचं गांधीनगर नव्हे. माझ्या आजीचा पहिलं वर्षभर तोच समज होता आणि ती रोज संध्याकाळी जेवायला वाट बघायची.) पूर्वी ती गुजरात राज्याची युनिव्हर्सिटी होती, २०२० च्या कायद्याने केंद्राची झाली. तिथे टॉक्सिकॉलॉजीची स्वतंत्र एमएस्सी आहे, चार सेमिस्टर, शेवटी डिझर्टेशन. प्रवेशाला एनफॅट ही त्यांची परीक्षा द्यावी लागते. सरकारी कॉलेजच्या मानाने फी जास्त आहे, हे आधीच सांगतो, बाबांना विचारून घे.

महाराष्ट्रात शासनाच्या तीन संस्था: मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर. तिथे पदवी प्रामुख्याने 'फॉरेन्सिक सायन्स'ची. टॉक्सिकॉलॉजी त्यात येतं, पण बोटांचे ठसे, हस्ताक्षर, बॅलिस्टिक्स, डीएनए हेही सगळं येतं. तुला जर नक्की विषाच्याच मागे जायचं असेल तर दोन वर्षांतला बराच काळ इतर विषयांत जाईल.

कोथिंबीर_वडी

मुली, लग्नाच्या बायोडेटात काय लिहिणार? 'मुलगी विषतज्ज्ञ, स्वयंपाक उत्तम'?

गांधीनगर_रिटर्न

@कोथिंबीर_वडी, आमच्या बॅचच्या प्रत्येक मुलीने हा विनोद ऐकलाय. नवीन आणा.

अण्णा_इंदिरानगर

सरकारी प्रयोगशाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

आधी मैत्रिणीच्या शंकेचं. 'फॉरेन्सिक मेडिसिन अँड टॉक्सिकॉलॉजी' ही एमडीची शाखा आहे, एमबीबीएसनंतर. ती मंडळी शवविच्छेदन करतात. आपली वाट वेगळी, ती केमिस्टची. मृतदेहाला आपण हात लावत नाही. आपल्याकडे येते ती बरणी.

ती येते कशी ते ऐक. सिव्हिलला पोस्टमॉर्टेम होतं. विषाचा संशय असला की डॉक्टर मृत्यूच्या कारणाबाबत अभिप्राय राखून ठेवतात आणि व्हिसेरा काढतात: जठर आतल्या द्रव्यासकट, लहान आतड्याचा तुकडा, यकृत, प्लीहा, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग, आणि रक्त. अवयव मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. रक्त दारूसाठी तपासायचं असेल तर त्यात सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट. नुसत्या मिठाच्या पाण्याची एक बाटलीही सोबत यायला हवी, म्हणजे द्रावणातच काही नव्हतं ना, ते आम्हाला बघता येतं. मग पोलीस शिपाई सीलबंद बरण्या आणि पत्र घेऊन लॅबला येतो. आवक खिडकीवर पहिलं काम सील बघण्याचं. पत्रावरच्या नमुन्याशी सील जुळलं नाही, तर पुढची केमिस्ट्री कितीही सुंदर असो, कोर्टात वकील तिथेच पकडतो.

पुढे एक्स्ट्रॅक्शन. स्टास नावाच्या बेल्जियन रसायनतज्ज्ञाने १८५० च्या खुनाच्या प्रकरणात मृताच्या अवयवांतून निकोटीन वेगळं काढलं, ओटोने पुढे त्या पद्धतीत सुधारणा केली. ती स्टास-ओटो पद्धत तू एमएस्सीला शिकशील. आम्लात एक गट निघतो, अल्कलीत दुसरा. त्यानंतर रंगचाचण्या, टीएलसी (पातळ थरावर घटक वेगळे करणं), शेवटी जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस, म्हणजे घटक वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारी यंत्रं. धातूंचं काम निराळं. आर्सेनिकसाठी मार्शने १८३६ साली चाचणी दिली, आता आयसीपी-एमएस हे यंत्र आहे. टीएलसीला आजची पोरं नाक मुरडतात. पण कीटकनाशकं ओळखायचे कितीतरी स्प्रे रीएजंट महाराष्ट्राच्याच प्रयोगशाळांतल्या विश्लेषकांनी शोधले आणि परदेशी जर्नलांत छापून आणले, हे ठाऊक असू दे.

आता माझं मत. एमएस्सी अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्रीची करावी. भरतीच्या वेळी पदागणिक पात्रता बदलते, काही पदांना रसायनशास्त्राचीच अट असते. पक्की केमिस्ट्री असलेल्याला विषशास्त्र नोकरीत शिकवता येतं. उलटं फार अवघड जातं.

गांधीनगर_रिटर्न

अण्णा, आदर ठेवून असहमत. 'नोकरीत शिकवता येतं' हे तुमच्या काळात ठीक होतं. पोस्टमॉर्टेम रीडिस्ट्रिब्यूशनचंच घ्या. माणूस मेल्यावर काही औषधं अवयवांतून परत रक्तात झिरपतात, त्यामुळे हृदयातल्या रक्तात डिगॉक्सिन किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिन जिवंतपणी होतं त्याहून जास्त दिसतं. म्हणून मांडीच्या शिरेतलं रक्त घ्यायचं. अ‍ॅनालिटिकलच्या अभ्यासक्रमात हे कुठे येतं? तिथून आलेला पोरगा आकडा बिनचूक काढेल आणि अर्थ चुकीचा लावेल.

अण्णा_इंदिरानगर

मुद्दा मान्य. पण आकडाच बिनचूक काढता आला नाही तर अर्थ कशाचा लावणार? मुलाखतीत इंटर्नल स्टँडर्ड (मोजमाप ताडायला नमुन्यात मुद्दाम घातलेला ठरावीक पदार्थ) कशासाठी घालतात, हे विचारल्यावर गप्प बसलेले फॉरेन्सिकचे पदवीधर मी पाहिलेत. आणि केमिस्ट्रीचेही पाहिलेत, म्हणून वाद इथे थांबवतो.

डॉ_तपोवन

एमडी एफएमटी (फॉरेन्सिक मेडिसिन अँड टॉक्सिकॉलॉजी) आहे, अण्णांच्या बरणीच्या अलीकडच्या बाजूला काम करते. मुक्ता, दोन गोष्टी.

पहिली: 'व्हिसेरा निगेटिव्ह' म्हणजे विष नव्हतं असा अर्थ होत नाही. माणूस दवाखान्यात चार-पाच दिवस जगला, पोट धुतलं, सलाइन गेलं, शरीराने विष मोडून टाकलं, तर हाती काय लागणार? धान्यात ठेवायच्या गोळ्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. त्यातून फॉस्फीन वायू निघतो आणि तोच मारतो. बरणी सैल असली की पुरावा हवेत. आम्ही शवागारात बारीकसारीक धागे शोधत बसतो: ऑर्गॅनोफॉस्फेटचा वास, टाचणीएवढ्या झालेल्या डोळ्यांतल्या बाहुल्या, तोंडाला फेस. केस पेपरवर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन किती दिलं तेही बघतो. हे सगळं रिपोर्टशेजारी ठेवून मग कारण लिहितो.

दुसरी: विषं कुठली येतात ते गावावर ठरतं. आपल्याकडे शेतातली औषधं पहिली. मग झोपेच्या गोळ्या. कधी कण्हेर, धोत्रा. पुस्तकात सायनाइडला मोठा मान, प्रत्यक्षात क्वचित.

रच्याकने, तुला एमडी करायची असती तर एमबीबीएसनंतर नीट-पीजी, आणि आमचं आरोग्य विद्यापीठही दिंडोरी रोडलाच, म्हसरूळला. त्या रस्त्यावर विषाचा अभ्यास करणारे बरेच सापडतील!

द्राक्षबाग_निफाड

विषय निघालाच आहे तर विचारतो. ऑक्टोबर छाटणीनंतर आम्ही काड्यांना पेस्टिंग करतो, म्हणजे औषध चोपडतो, काडीवरचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून. हायड्रोजन सायनामाइड. कंपनीवाले ओरडून सांगतात, त्या दिवसांत दारूला शिवू नका. मजूर कुठे ऐकतात. संध्याकाळी घेतली की तोंड लालबुंद, छाती धडधड, श्वास लागतो. ईश्वर न करो, पण अशात कुणी गेलं तर ते व्हिसेऱ्यात दिसतं का?

अण्णा_इंदिरानगर

फार चांगला प्रश्न. हे सायनामाइड यकृतातलं अ‍ॅल्डिहाइड डीहायड्रोजनेज हे विकर बंद पाडतं. दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, ते एरवी या विकरामुळे पुढे मोडतं. विकर बंद, की अ‍ॅसिटाल्डिहाइड साठत जातं. दारू सोडवायच्या डायसल्फिरामच्या गोळीचं तत्त्व हेच.

आता सापडेल का? रेणू अगदी चिमुकला, पाण्यात सहज विरघळणारा. आमच्या नेहमीच्या एक्स्ट्रॅक्शनमध्ये आपण विष सेंद्रिय द्रावकात ओढतो, तिथे हा येतो कशाला! शिवाय शरीर त्याला लवकर अ‍ॅसिटिल जोडून लघवीवाटे बाहेर काढतं. त्याचाच शोध घ्यायचा असं ठरवून वेगळी पद्धत लावली तरच आशा. आणि ठरवायचं कशावरून? पोलिसांच्या पत्रात 'इसम द्राक्षबागेत पेस्टिंगच्या कामावर होता' ही ओळ असेल तर. बहुतेक पत्रात असतं 'विषारी द्रव प्राशन केल्याचा संशय'. बस, एवढंच. कुठला द्रव, बाटली मिळाली का, किती वाजता, काही नाही. कॉन्स्टेबलला दोष देत नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मुक्ता, हा प्रश्न लिहून ठेव. लघवीत या पदार्थाचा चयापचयाने झालेला भाग एलसी-एमएसवर कसा मोजायचा, हे नाशिकच्या मुलीसाठी डिझर्टेशनचा विषय आहे. मारिजुआना आणि कोकेनवर दुनिया पेपर लिहिते.

मुक्ता_मखमलाबाद

अण्णा, बाप रे. आमच्या मामांची बाग आहे मोहाडीला, दरवर्षी हे पेस्टिंग बघत आलेय आणि डोक्यात कधी आलं नाही. जिवंत माणसांच्या लघवीचे नमुने घ्यायचे तर परवानग्या लागत असतील ना?

डॉ_तपोवन

लागतात. एथिक्स कमिटीची मंजुरी, मजुराची लेखी संमती, तीही त्याला कळेल अशा मराठीत. गाईड असा निवड की ज्याचं एखाद्या मेडिकल कॉलेजशी जमतं. नुसत्या केमिस्ट्री डिपार्टमेंटला हे झेपत नाही. वेळही धर: कमिटी बसते तिच्या सवडीने, छाटणी होते द्राक्षाच्या सवडीने. पहिल्याच सेमिस्टरला अर्ज केला नाहीस तर हंगाम गेला समज.

पीपीबी_ताई

मी निर्यातीच्या द्राक्षांवरचे रेसिड्यू (फवारलेल्या औषधांचे उरलेले अंश) तपासणाऱ्या खासगी लॅबमध्ये आहे. इथे नाशिकात आमच्यासारख्या लॅब आहेत आणि अ‍ॅनालिटिकलच्या पोरांना लगेच काम मिळतं. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे युरोपाने आपली द्राक्षं नाकारली, ते आठवत असेल. त्यानंतर तर या क्षेत्राला फारच महत्त्व आलं. युरोपात ज्या औषधाची स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाही त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम लावतात. म्हणजे दहा पीपीबी (अब्जात दहा भाग). माझं टोपणनाव त्यावरूनच.

मुक्ता, तुला जी मशीन्स कॉलेजात काचेआडून दाखवतात, ती इथे दिवसभर चालवायला मिळतात. ब्लँक, रिकव्हरी, कॅलिब्रेशन, आयसो १७०२५ या प्रयोगशाळांच्या मानकाचं ऑडिट, सगळं अंगवळणी पडतं. वर्षभर हे करून मग एनएफएसयूला किंवा मुंबईला जा. तिथल्या सरांना लगेच कळेल की हिने व्हायल स्वतः भरलेल्या आहेत.

फरक एवढाच: आमचं द्राक्ष ताजं, गोड वासाचं असतं. तुमचं यकृत...

मुक्ता_मखमलाबाद

वासाचं खरंच विचारायचं होतं. आई तेवढ्यावरूनच नको म्हणतेय.

अण्णा_इंदिरानगर

वास येतो. पावसाळ्यात जास्त. फ्यूम हूड असतो, मास्क असतो, आणि काही आठवड्यांत नाक तक्रार करणं सोडतं. मी तर तिथेच शेजारच्या खोलीत डबा खायचो. ज्यांना नाहीच सोसत त्यांना दारूच्या नमुन्यांवर घेतात, ते काम प्रचंड असतं. मोटार वाहन कायद्याच्या १८५ कलमात रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमची मर्यादा, दारूबंदी कायद्यात ०.०५ टक्के. हेडस्पेस जीसी (नमुन्यावरची वाफ तपासणारं यंत्र) लावायचा. आणि मृताच्या रक्तात अल्कोहोल आलं तर उडी मारायची नाही. कुजताना जिवाणूही इथेनॉल तयार करतात. सोबत एन-प्रोपेनॉल दिसलं तर सावध व्हायचं. काही लॅब एन-प्रोपेनॉलच इंटर्नल स्टँडर्ड म्हणून घालतात, तिथे ही खूण पुसली जाते. मी टर्शरी ब्यूटेनॉलच्या बाजूचा.

वकील_सीबीएस

धागा छान चाललाय. कोर्टाच्या बाजूने थोडं.

मुक्ता, तुमचं काम रिपोर्टवर सही करून संपत नाही. नव्या बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ३२९, जुनं सीआरपीसी २९३: सरकारी रासायनिक विश्लेषकाचा अहवाल त्याला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो. पण कोर्टाला वाटलं तर समन्स निघतं. मग आमच्यासारखे उलटतपासणी घेतात. सील कोणी फोडलं? बरणी आली त्या तारखेपासून तपासेपर्यंत कुठे होती? 'आढळले' असं लिहिलंय, किती आढळलं? मिठाच्या द्रावणात मुरलेल्या अवयवावरून नेमकं प्रमाण सांगता येत नाही, हे बऱ्याच विश्लेषकांना नीट समजावता येत नाही आणि तिथे बचाव पक्ष खिंडार पाडतो.

विषप्रयोगाने खुनाच्या खटल्यात नुसता रिपोर्ट पुरतही नाही. १९८४ च्या शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने चार गोष्टी सांगितल्या: आरोपीला हेतू होता, मृत्यू त्या विषानेच झाला, विष आरोपीच्या ताब्यात होतं, आणि ते देण्याची संधी त्याला होती. यांतली दुसरी तुमच्या हातात. पुण्यातलं प्रकरण होतं ते, पोटॅशियम सायनाइडचं. हा निकाल एकदा पूर्ण वाचा. केमिस्टांना कायदा कोरडा वाटतो, हा वाटणार नाही.

१ जुलै २०२४ पासून आणखी एक बदल: सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक करायचं आहे, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. त्यामुळे माणसं लागणार. कायमची की कंत्राटी, ते सरकार जाणे.

मिसळ_पंडित

वाखूसा (वाचनखूण साठवली). एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाच्या, पावडरीची तपासणीही यातच येते का? २०२३ मध्ये आपल्या शिंदे गावात कारखाना सापडला होता तो.

अण्णा_इंदिरानगर

जप्त पावडर अमली पदार्थ विभागात जाते, एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली. तीच पावडर कुणाच्या रक्तात शोधायची झाली की टॉक्सिकॉलॉजी. पहिल्यात पुडीभर माल असतो, दुसऱ्यात मिलिलिटरमागे नॅनोग्रॅम. पहिलं काम सोपं आहे असं नाही, तिथे वजनात चूक झाली तर शिक्षाच बदलते.

टेम्सकाठचा_सिडकोकर

परदेशाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. ग्लासगोला फॉरेन्सिक टॉक्सिकॉलॉजीचीच एमएस्सी आहे, एक वर्षाची. लंडनच्या किंग्जमध्ये अ‍ॅनालिटिकल टॉक्सिकॉलॉजी. फ्लोरिडा युनिव्हर्सिटीची ऑनलाइन पदवीही आहे, पण ती आधीच लॅबमध्ये असलेल्यांसाठी ठीक. हाताने काही न करता हा विषय शिकणं मला पटत नाही. शिकून तिकडेच पोलिसांच्या लॅबमध्ये लागू, हे स्वप्न बघू नका, नागरिकत्व आणि सुरक्षा तपासणी आडवी येते. अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांनी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती जरूर बघावी.

मुक्ताचे_बाबा

नमस्कार. मुलीने धागा दाखवला, खाते उघडून लिहितो आहे. बीएडचा आग्रह मी सोडलेला नाही. पण अण्णासाहेब, सरळ विचारतो: दोन वर्षे आणि पैसे घातल्यावर सरकारी जाहिरातच निघाली नाही तर?

अण्णा_इंदिरानगर

नमस्कार. रास्त प्रश्न आहे. जाहिराती नियमित निघत नाहीत. वैज्ञानिक सहायकाची गट क ची पदं फॉरेन्सिक लॅबचं संचालनालय भरतं, वरच्या सहायक रासायनिक विश्लेषकाच्या पदांना एमपीएससी. दोन जाहिरातींमध्ये किती वर्षं जातील, कुणी छातीठोक सांगू शकत नाही. नुसती फॉरेन्सिकची पदवी असेल तर त्या मधल्या काळात मुलगी घरी बसते, केमिस्ट्री असेल तर पीपीबी ताईंच्या लॅबमध्ये, औषध कंपनीत, अन्न तपासणीत कुठेही उभी राहते. एफएसएसएआयची फूड अ‍ॅनालिस्टची परीक्षाही पुढे देता येते. माझा केमिस्ट्रीचा हट्ट त्यासाठीच.

आज रात्री एक काम करा. मागच्या दोन-तीन भरतींच्या जाहिराती उतरवून घ्या आणि फक्त शैक्षणिक अर्हतेचा रकाना वाचा. मुलीसोबत बसून.

गांधीनगर_रिटर्न

काका, आमच्या बॅचचे सगळेच सरकारी लॅबमध्ये लागले असं मीही म्हणणार नाही. काही सीआरओमध्ये (कंत्राटी संशोधन कंपन्यांत) आहेत, औषधांच्या विषाक्तता चाचण्या करतात, काही पीएचडीला. मी स्वतः नेट दिली, फॉरेन्सिक सायन्स हा वेगळा विषय आहे त्यात. आता शिकवतो. अण्णांच्या शेवटच्या सूचनेला +१. हे आम्ही प्रवेश घेतल्यावर केलं.

मुक्ता_मखमलाबाद

जाहिराती वाचल्या, बाबाही बसले होते. सध्या ठरलंय ते असं: अ‍ॅनालिटिकलचा अर्ज भरायचा आणि एनफॅटही द्यायची, निकाल लागले की पुन्हा घरात भांडण. पीपीबी ताई, उन्हाळ्यात तुमच्याकडे बिनपगारी इंटर्नशिप मिळेल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

पीपीबी_ताई

उन्हाळ्यात द्राक्षं संपलेली असतात, मशीनला सर्व्हिसिंग असतं. जानेवारी-फेब्रुवारीत आलीस तर रात्री दहापर्यंत नमुने दळायला लावीन. व्यनि बघते.

बायोटेक_बबडी

माझं बीएस्सी बायोटेक आहे, मलाही टॉक्सिकॉलॉजीत यायचंय. चालेल का?

अण्णा_इंदिरानगर

पदवीला रसायनशास्त्र हा विषय होता का, ते गुणपत्रिकेत बघून सांग. नसेल तर जीवशास्त्र आणि डीएनए विभागाच्या पदांची अर्हता आधी वाच. असेल, तर कितव्या वर्षापर्यंत होता तेही लिही.